ओढ्यातला नर

१९४६ च्या नागपंचमीला, शिराळ्याजवळच्या एका गावी, माझ्या मावशीने काचेच्या बरणीतल्या किड्याला दूध घातले. दुसऱ्या दिवशी सकाळी किडा मेलेला आढळला.

किडा वीतभर लांब, घोड्याच्या शेपटीच्या केसाएवढा जाड आणि काळपट तपकिरी होता. घोडा ओढ्यावर पाणी प्यायला की त्याचा एखादा केस पाण्यात गळतो आणि त्याला जीव येतो, असे त्या बाजूला मानत. प्रत्यक्षात हा किडा नाकतोड्याच्या पोटात वाढतो आणि पूर्ण वाढ झाली की पाणी गाठून बाहेर पडतो. माझी पत्नी सांगलीच्या कॉलेजात प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत शिकवत असे. साताऱ्यापासून शिराळ्यापर्यंतच्या ओढ्यांतले हे किडे ओळखून त्यांचे वर्णन लिहिण्याचे काम तिने घेतले होते. तिच्याजवळच्या बाटल्यांत सगळ्या माद्या होत्या. नर पाहिल्याशिवाय वर्णन पुरे होत नव्हते. तिला पाचवा महिना होता. कार्तिकात ती माहेरी जाणार होती आणि बाळंतपणानंतर कॉलेजात परत घेतील की नाही, हे कोणी सांगत नव्हते.

पंचमीच्या सकाळी मावशीच्या शेताखालच्या ओढ्यात मला तो किडा मिळाला. पत्नीने काठावर बसूनच भिंगातून पाहिला. शेपटीचे टोक दुभंगलेले होते.

"नर आहे," ती म्हणाली, आणि तिने पुन्हा भिंग लावून पाहिले.

घरी येऊन तिने स्पिरिटची बाटली काढली, तेव्हा मावशी चुलीपुढून उठून आली. त्या दिवशी घरात काही चिरायचे नव्हते, तळायचे नव्हते. शेतात नांगर बंद होते.

"ह्ये काय करतीस?"

"मावशी, हा साप नव्हे. जंताच्या जवळचा किडा आहे."

"असंल. वळवळतोय न्हवं? आज ह्या घरात इळीला हात लावला न्हाई आन् तू जित्त्या जीवाला दारूत बुडवतीस? उद्या बुडीव."

मावशीचे यजमान पलटणीतून पेन्शन घेऊन आलेले. ते ओसरीवरून म्हणाले, "लय नशीबवान किडा. आमाला पलटणीत बी एवढी मिळत न्हवती."

"तुमी गप ऱ्हावा," मावशी म्हणाली.

स्वच्छ पाण्यात हा किडा बरेच दिवस जगतो, हे पत्नीला माहीत होते. तिने बाटलीचे बूच लावले आणि बरणी फडताळात ठेवली. संध्याकाळी मातीच्या नागाची पूजा झाली. उरलेले दूध आणि चार लाह्या मावशीने बरणीत घातल्या. कोणाला सांगितले नाही. त्यात सांगण्यासारखे तिला काही वाटले नव्हते.

सकाळी पाणी नासले होते. पत्नीने किडा बशीत घेऊन खिडकीशी नेला. शेपटी शाबूत होती. कातडी मात्र चिमटा लावताच सुटून येत होती, आणि त्या कातडीवरच्या बारीक नक्षीवरूनच जात ठरते.

मावशी दारात उभी होती. "उपाशी ऱ्हाईल म्हनून घातलं गं."

"त्याला खाता येत नाही, मावशी. मोठा झाल्यावर तो काहीच खात नाही."

"मग जगतंय कशावर?"

"लहानपणी खाल्लेलं असतं, त्यावर."

मावशीने बशीतल्या किड्याकडे वाकून पाहिले. मग म्हणाली, "चल. ओढ्यावर चल. पर पान्यात तू उतरायचं न्हाई."

पत्नीला काठावरच्या दगडावर, खाली घोंगडी घालून, बसवण्यात आले. मावशी लुगडे खोचून पाण्यात उतरली. मी पलीकडच्या कडेने शोधत होतो.

"कुठं बघू?"

"कडेला, संथ पाण्यात. मुळांजवळ."

पहिल्यांदा तिने आणले ते उंबराचे मूळ होते. दुसऱ्यांदा म्हशीच्या शेपटीचा केस.

"ह्येला तुझ्या भिंगानं जीव येतोय का बघ," ती म्हणाली. पत्नी सकाळपासून पहिल्यांदाच हसली.

ऊन चढल्यावर मावशीने दोन्ही हातांची ओंजळ करून एक काळा गुंता आणला. गुंता हलत होता. विणीच्या दिवसांत हे किडे असे एकमेकांत गुंततात. पत्नीने ओसरीवर बसून सुईच्या टोकाने एकेक किडा सोडवला. मावशी शेजारी बसून बशी धरून होती. त्यांत दोन नर निघाले.

स्पिरिटची बाटली उघडल्यावर मावशी उठून गोठ्यात गेली. बूच लावल्याचे मी सांगितल्यावर परत आली आणि तिने पत्नीला ताक दिले.

सांगलीला सूक्ष्मदर्शकाखाली कातडीचे तुकडे पाहून झाले. वर्णन कार्तिकात, माहेरी जाण्याच्या आदल्या आठवड्यात पुरे झाले. तिच्या प्राध्यापकांनी ते मान्य केले आणि जात पक्की करण्यासाठी एक नर परदेशी तज्ज्ञाकडे पाठवला. मार्गशीर्षात मुलगी झाली. उत्तर आले तेव्हा ती रांगत होती. जात आधी नोंदलेली निघाली. त्या जातीच्या नराची मात्र या भागातली ती पहिलीच नोंद होती.