खोट्या पत्राच्या जोरावर पिंपरी ते चाकण

सुरुवातीलाच सांगून टाकतो, म्हणजे तुम्हाला शिव्या घालायला सोपं जाईल. मी एका कंपनीचं खोटं पत्र छापलं. लेटरहेड वेबसाइटवरून उचललं, खाली 'प्रधान साहेब, जनरल मॅनेजर' अशी सही मीच ठोकली, आणि ते पत्र माझ्या सख्ख्या आत्याला दिलं. कंपनीचं नाव इथे लिहीत नाही. मला जेलमध्ये जायची हौस नाही.

आत्या म्हणजे पप्पांची मोठी बहीण, मंदाकिनी. संत तुकाराम नगरात आमच्या वरच्या मजल्यावर राहते. वय साठीच्या पुढे, उंची जेमतेम पावणेपाच फूट, आवाज मात्र सहा फुटाचा. तिचं एक पालुपद ठरलेलं: "मी लेथ चालवायचे. आमच्या कंपनीत मशीनवरची पहिली बाई मीच." लेथ म्हणजे लोखंडाचा तुकडा गरगर फिरवून कापायचं मशीन. आम्हा पोरांना वाटायचं, ही तिथे झाडू मारत असणार आणि आता फेकतेय. मी आयटीआय अर्ध्यात सोडलेला माणूस, पण कोण फेकतंय ते ओळखण्यात आपली डिग्री आहे राव.

म्हणून तिच्याच जुन्या कंपनीचं लेटरहेड घेतलं आणि पत्रात मुद्दाम टोमणा मारला: 'कंपनीच्या पहिल्या महिला मशीन ऑपरेटर म्हणून महिला दिनी आपला सत्कार करण्याचे योजिले आहे.' आत्या खूश होऊन नाचेल, मी व्हिडिओ काढेन, मग सांगेन, फसलीस. पाच मिनिटांचा खेळ.

आत्या नाचली नाही. तिनं पत्र वाचलं, चष्मा पुसला, परत वाचलं आणि खाटेवर बसली. मग म्हणाली, "विक्या, मला चाकणला नेशील का रे? कंपनी तिकडं गेल्यापासून मी बघितलीच नाही." मोबाइल माझ्या हातात, रेकॉर्डिंग चालू, आणि मी 'नेतो की' म्हणून बसलो. संध्याकाळपर्यंत अख्ख्या बिल्डिंगला बातमी. खालच्या काकूंनी गजरा पण आणून दिला.

म्हटलं, ठीक आहे, वाटेत सांगू.

आता रस्त्याचं ऐका, तुमच्या कामाचं आहे. नेहरूनगर, भोसरी, मोशी, चाकण असा सरळ रस्ता, वीस-बावीस किलोमीटर. नकाशा पाऊण तास दाखवतो, त्याच्यावर विश्वास ठेवू नका. आम्ही महिला दिनाच्या सकाळी आठला निघालो आणि कंपन्यांच्या बसगाड्यांच्या मधोमध चिणलो. सातच्या आत भोसरीचा पूल ओलांडा, नाहीतर सरळ दहानंतर निघा. स्कूटरमध्ये दोनशेचं पेट्रोल टाकलं, जाऊन येऊन उरलं. आणि कंपनीत जायचं असेल तर बूट घाला, चपलेवर आत सोडत नाहीत.

आत्यानं चौदा एप्रिलच्या जयंतीला नेसते ती पांढरी साडी नेसलेली, निळ्या काठाची. पत्र प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवी पर्समध्ये, पर्स पोटाशी.

पहिला थांबा भोसरी एमआयडीसी. पोहे आणि चहा, दोघांचे मिळून ऐंशी रुपये, पोहे जरा कोरडे, चहा एक नंबर. म्हटलं आता बोलू.

"आत्या, एक सांगायचं होतं."

"थांब रे. ती शेड बघ, निळ्या पत्र्याची. तीच आमची जुनी कंपनी." तिथे आता प्लायवूडचं गोडाऊन आहे. मग तिनं रस्त्याच्या अलीकडच्या एका घराकडे बोट केलं. "आणि इथं मी लघवीला यायचे."

माझा चहा नाकात गेला. "काय?"

"आत बायकांना जागाच नव्हती. बाई येईल असं कुणाला वाटलंच नव्हतं ना. सातला आत गेलं की तीनपर्यंत पाणी प्यायचं नाही. फारच झालं तर रस्ता ओलांडून ह्या घरी. चांगली होती म्हातारी, कधी नाही म्हणाली नाही."

मी तिचं खोटं पकडायला गेलो. "आणि साडी अडकत नव्हती का मशीनमध्ये?"

"साडी कुठली? तुझ्या पप्पांची पँट घालायचे."

"माझ्या पप्पांची?"

"दोनच होत्या त्याच्याकडं. एक मी न्यायचे. लग्नाआधीचे फोटो बघ त्याचे, सगळ्यात एकच पँट."

राव, ते फोटो मी हजार वेळा बघितलेत. एकच पँट आहे. मी पप्पांना त्यावरून चिडवतो पण.

पोहे संपेपर्यंत बाकीचं ऐकलं. ही लागली होती हेल्पर म्हणून, मशीनखाली पडलेला लोखंडाचा कीस झाडायला. वर्षभर झाडता झाडता ऑपरेटरचे हात बघत राहिली. एक दिवस तो आलाच नाही, माल संध्याकाळी जायचा होता, फोरमन डोक्याला हात लावून बसलेला. ही म्हणाली, मी लावते. चाळीस नग काढले.

"किती पास झाले?"

"एकोणचाळीस. चाळिसावा चुकलेला मीच बाजूला ठेवला होता."

त्या दिवसापासून लेथ तिच्याकडे. सांगायचं राहूनच गेलं.

मोशीला इंद्रायणीच्या पुलावर ट्रॅफिक तुंबलेलं. म्हटलं, आता तरी. तेवढ्यात मागून आत्याच म्हणाली, "सोळा वर्षं काढली विक्या. मग कंपनी चाकणला हलली. पुरुषांना बस दिली, पहाटे पाचची. मला साहेब म्हणाले, एका बाईची जबाबदारी कोण घेणार? घरी बसा. बसले मग घरी."

मी आरशात बघितलं. ती रस्त्याकडे बघत होती, शाळेच्या सहलीला निघालेल्या पोरीसारखी. मी तोंड उघडलं आणि 'हेल्मेट घट्ट आहे का' विचारलं. काय विचारणार दुसरं?

चाकणच्या तळेगाव चौकात अर्धा तास गेला. तिथे गाडी बंद करा, पेट्रोल वाचवा, शेजारच्या ट्रकवाल्याशी गप्पा मारा, दुसरा उपाय नाही. अकराला दहा कमी असताना कंपनीच्या गेटवर पोचलो आणि मी हादरलो. गेटला गुलाबी फुगे! 'महिला दिन सोहळा' असा बोर्ड! क्षणभर वाटलं, आपण खोटं लिहिलं आणि ते खरंच झालं की काय.

कुठलं काय. सिक्युरिटीवाले मामा जवळच्याच गावचे असणार. त्यांनी पाहुण्यांच्या यादीवर बोट फिरवलं. "न्हाई बघा ताई, तुमचं नाव न्हाई हितं."

"असेल हो, नीट बघा." आत्यानं पिशवीतून पत्र काढलं. "प्रधान साहेबांनी बोलावलंय."

मामांनी पत्र वाचलं. "परधान कोण वो? असं कुणी न्हाई आमच्याकडं." पण त्यांनी तिला केबिनमध्ये खुर्ची दिली, पाणी दिलं आणि एचआरला फोन लावला.

एचआरचा पोरगा आला. माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठा असेल, गळ्यात पट्टा, काखेत लॅपटॉप. पत्र वाचून त्यानं मला केबिनमागे नेलं.

"कोण हे प्रधान?"

"मीच, सर."

"म्हणजे?"

सगळं सांगितलं. जगात पहिल्यांदा कुणालातरी. त्याचा चेहरा लाल झाला. "लेटरहेड ढापलंस? गुन्हा आहे हा, कळतं का? लावू पोलिसांना फोन?"

"लावा सर. फक्त आत्याला घरी सोडून येतो, मग लावा. तिच्यासमोर नको."

त्यानं लॅपटॉपवर जुनी यादी उघडली, मंदाकिनी नाव शोधलं आणि स्क्रीन माझ्याकडे फिरवली. "हे बघ. हेल्पर. लागल्यापासून सोडेपर्यंत हेल्पर. ऑपरेटर कधी नव्हत्याच त्या. तुझ्या पत्रातलं हे पण खोटं."

परत हादरलो. म्हणजे पँट, चाळीस नग, सगळी फेकाफेकी? आणि मी रस्ताभर रडवेला झालो होतो?

आम्ही केबिनमध्ये आलो तर आत शीतल नावाची एक मुलगी उभी होती. अंगात कंपनीचा निळा शर्ट, डोक्याला टोपी. इथे कामगारांचे मोबाइल गेटवर जमा करतात, ती घरचा फोन घ्यायला आलेली. आत्या तिला विचारत होती, "काय काम करतेस गं?"

"मशीनवर आहे मावशी. ऑपरेटर."

"उंची पुरते का? मी बुटकी ना, लेथला हात पोचायचा नाही माझा. पायाखाली लाकडी पाट घ्यायचे. तुम्ही घेता का काही?"

"घेतो की. मंदा घेतो."

"काय घेता?"

"मंदा. लाकडाचा पाट असतोय ना, त्याला मंदा म्हणत्यात. प्रत्येक मशीनला हाय आमच्या."

मामा पण म्हणाले, "व्हय. आमच्या पोराच्या कंपनीत बी मंदाच म्हनत्यात."

आता इथे मला काय झालं ते सांगतो. मी कुरुळीच्या एका वर्कशॉपमध्ये तीन महिने होतो. तिथेही पाट होता आणि त्याला मंदाच म्हणायचे. 'मंदा सरकव', 'मंदावर चढ', आणि त्यावरचे जोक असे की इथे लिहिता येत नाहीत. त्यातले निम्मे माझेच. मला वाटायचं, मंद पोरांसाठी असतो म्हणून मंदा.

आत्या खुर्चीवरून उठली. "अगं, तो मी बनवला होता. पॅकिंगच्या खोक्याच्या फळ्यांचा. सुतार करून देईना, म्हणाला बायकांची थेरं. मग मीच खिळे ठोकले. आणि हे मेले रोज लपवायचे! कधी पत्र्यावर टाकायचे, कधी भंगारात. मी शिफ्टभर टाचा उंच करून काम करायचे. शेवटी ऑइलपेंटनं माझं मोठ्ठं नाव टाकलं, मंदा. म्हटलं, आता लपवा. मग तेच एकमेकांना विचारायला लागले, मंदा कुठाय, मंदा आण."

शीतल तोंडावर हात ठेवून बघत होती. मग ओरडली, "सर! ह्या मंदा हायत! आपली मंदा बाई हाय सर, खरीखुरी!"

एचआरवाल्यानं लॅपटॉपकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि लॅपटॉप मिटला. तो आत्याला म्हणाला, "मॅडम, सॉरी. प्रधान साहेबांची बदली झाली. जाताना ते सांगून गेले होते, आमच्याकडूनच नाव घालायचं राहिलं. या आत." माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "वीस मिनिटं. आणि परत लेटरहेडला हात लावलास तर बघ."

फोटो नाहीत, कारण आमचेही मोबाइल गेटवर गेले. हॉलमध्ये ऑफिसच्या मॅडम लोकांचा केक चालू होता, कुणी पाहुण्या माइकवर 'स्वतःसाठी वेळ काढा' म्हणत होत्या. आम्ही तिकडे गेलोच नाही. मशीन असतात तिथे गेलो. आत्याला साडीवर निळा कोट चढवला, जमिनीवरची पिवळी पट्टी ओलांडायची नाही अशी ताकीद दिली. चहाची सुट्टी झाली आणि शीतलनं बोलावलेल्या पंचवीस-तीस पोरी गोळा झाल्या. कुणीतरी पाट आणून ठेवला. आत्या त्यावर चढली, उतरली, वाकली आणि हाताची वीत लावून उंची मोजली.

"कमी आहे गं. पूर्ण वीतभर पाहिजे. संध्याकाळी खांद्यात कळ येते का?"

पोरी एकमेकींकडे बघायला लागल्या. मग मागून एक म्हणाली, "येते मावशी. रोज येते. आम्हाला वाटलं आमचंच दुखतं."

"तुमचं नाही, पाटाचं दुखणं आहे ते. उंच करून मागा. नाही दिला तर खिळे मी आणते."

एचआरवाला डायरीत लिहीत होता, शपथ. पोरी विचारायला लागल्या, एवढ्या पुरुषांत एकट्या कशा राहिलात, भीती नाही वाटली का, संडासचं काय केलं. तेवढ्यात भोंगा वाजला आणि सगळ्या पळाल्या. शाल नाही, नारळ नाही, टाळ्या पण नाहीत. एक पोरगी पळता पळता मागे आली, आत्याच्या पाया पडली आणि परत पळाली.

येताना चिंबळी फाट्यावर उसाचा रस घेतला, वीस रुपये ग्लास, बर्फ कमी सांगा. आता सांगायची हिंमतच नव्हती, पण यादीचं डोक्यात घोळत होतं. शेवटी विचारलं, "आत्या, कंपनीच्या कागदावर तू काय होतीस?"

"हेल्पर." तिनं सहज सांगितलं. "सोळा वर्षं अर्ज केले. बाईला ऑपरेटर लिहिता येत नाही म्हणायचे. पगार हेल्परचा, काम लेथचं." मग पर्समधून ती पिशवी काढली, पत्र उलगडलं आणि त्या एका ओळीवर बोट ठेवलं. "ह्या प्रधान साहेबांनी पहिल्यांदा लिहिलं बघ. देवमाणूस असणार. कुठं बदली झाली रे त्यांची?"

मी म्हणालो, "लांब झाली आत्या. लय लांब."

घरी येऊन आता महिना होत आला. खर्च सगळा मिळून पाचशेच्या आत, रस्ता खराब, जेवण ठीकठाक, आणि माझी झोप अजून जागेवर नाही. शीतलचा फोन आला होता, पाट उंच झालेत म्हणाली. आत्यानं पत्र लॅमिनेट करून भिंतीवर लावलंय. बिल्डिंगमधल्या एका पोरीला आयटीआयला घालायचं की नाही यावर घरात भांडण चाललं होतं, तर आत्यानं तिच्या बापाला वर बोलावून ते पत्र वाचायला लावलं. मोठ्यानं. त्या बापानं पोरीचा फॉर्म भरला. माझ्या खोट्या सहीवर! हे सगळं आता कुठपर्यंत जाणार, मला खरंच भीती वाटते.

म्हणून पाया पडतो. आत्या ब्लॉग वाचत नाही, पण खालच्या काकू वाचतात. ही पोस्ट शेअर करू नका, लाइक पण करू नका. कधी आमच्याकडे आलात तर आत्या ते पत्र दाखवणारच. ती ओळ वाचा, 'वा' म्हणा, चहा प्या. आणि तिनं विचारलं की तुमच्या ओळखीत कुणी प्रधान साहेब आहेत का, तर माझ्याकडे बघू नका. नाही म्हणा. कुणाला सांगू नका राव, एवढं करा.