शांत खोलीतली शिटी

प्रयोगशाळेत तिला सगळे कानसेन म्हणत. कौतुकाने थोडं, चिडवायला जास्त. लोक दोन डगरींवर पाय ठेवतात, हिने तीन डगरींवर ठेवले होते: संगीतशास्त्र, ध्वनिविज्ञान आणि संगणक, तिन्ही मिळून एकच पदव्युत्तर पदवी. सुरातला केसाएवढा फरक संगणकाआधी हिला कळे, आणि ते ऐकवल्याशिवाय बाईसाहेबांना चैन पडत नसे. "यंत्राला काय विचारता, कानाला विचारा," हे तिच्या बाबांचं वाक्य. बाबांनी उभा जन्म पियानो सुरात लावण्यात घालवला आणि गुडघे धरले म्हणून एक दिवस काम कायमचं सोडलं.

गेला महिनाभर तिची ध्वनिमुद्रणं बिघडत होती. प्रत्येकात मागे एक उंच, बारीक शिटी. तिने तारा बदलल्या, पंखा काढायला लावला, चांगली चांगली मुद्रणं पुसून टाकली. संगणक म्हणे, मुद्रण स्वच्छ आहे. तर तिने संगणकातच चूक शोधायला घेतली.

शेवटी तिने शांत खोली मागून घेतली. या खोलीच्या भिंतींना स्पंजचे जाड सुळके असतात, बाहेरचा आवाज आत येत नाही आणि आतला घुमत नाही. दार लागलं आणि शिटी आणखी स्पष्ट झाली.

"काका, आत काहीतरी चालू राहिलंय," ती खोली सांभाळणाऱ्या काकांना म्हणाली.

"सगळं बंद आहे गं. मला तर फक्त माझं पोट ऐकू येतंय."

माईक बॅटरीवर होता. पडद्यावरची रेघ सपाट. आणि मग तिने इतक्या दिवसांत एकदाही न केलेली गोष्ट केली, जी एखाद्या लहान पोरालाही सुचली असती. दोन्ही कानांवर तळवे घट्ट दाबले. शिटी वाढली.

कान गेला तर पदवी गेली, एवढंच नव्हे. कानाशिवाय आपण कोण, हे तिला ठाऊकच नव्हतं. बाहेर पायऱ्यांवर बसून तिने घरी फोन लावला. काय बोलावं सुचेना, म्हणून नेहमीचंच विचारलं.

"बाबा, गुडघे कसे आहेत?"

"गुडघ्यांना काय धाड भरलीय?" बाबा ओरडून म्हणाले. फोनवर ते नेहमीच ओरडत.

"बाबा, माझ्या कानात शिटी वाजतेय. बाहेर नाही, कानातच."

बाबांनी आवाज खाली आणला.

"सूर धरून दाखव."

शिटी फार वरची होती, तिने तोच सूर खालच्या सप्तकात गुणगुणला.

"परत. जरा जोरात."

तिने परत धरला. मग बाबांनी गुणगुणलं, अर्धा सूर खाली. "माझी ही," ते म्हणाले. "आजच्या आज कान दाखवून घे, पोरी. मी गुडघ्यांवर ढकलत बसलो, तोवर उजवा गेला."

तिने फोन कोणत्या कानाला आहे ते पाहिलं. डाव्या. पूर्वी ती उजव्याला लावायची. कधी बदलला, ते तिला आठवेना.