कशावरूनबाई

रजनीबाईंना पाठीमागे सगळे कशावरूनबाई म्हणतात. सुरतेतल्या उधना भागातल्या महापालिकेच्या मराठी शाळा त्यांच्याकडे आहेत. शिकवण्याबद्दल कुठे काय संशोधन झालंय ते वाचायचं आणि आमच्यासारख्या शिक्षकांच्या गळी उतरवायचं, हे त्यांचं काम. कुणी फुशारकीनं सांगितलं, की माझ्या वर्गाला हा धडा चांगला येतो, की बाई गोड हसून विचारतात, "कशावरून, सर?" आणि समोरच्याच्या नाकाला मिरच्या झोंबतात. माझ्या तर कितीदा झोंबल्यात.

बाई मूळच्या नाशिकच्या, लग्न होऊन सुरतेत आल्या. यजमान प्रकाशराव बँकेत आहेत. बाईंचं इंग्रजी बेताचं, म्हणून रविवारी सकाळी नाश्त्याच्या लोचोची पुडी उघडून नवरा-बायको संशोधनाचे लेख वाचायला बसतात. प्रकाशराव अर्थ लावतात आणि बाई त्यांनाही विचारतात, "हे कशावरून म्हटलंय?" त्या माणसाच्या सहनशक्तीला माझा नमस्कार आहे.

पण एक गोष्ट मान्य करायला हवी. बाई स्वतःलाही सोडत नाहीत. एकदा मुलांना गोलात बसवायचं त्यांनी डोक्यात घेतलं. आमच्या खोलीत मुलं दाटीनं बसतात. गोल केले तेव्हा अर्ध्या मुलांची पाठ फळ्याकडे झाली आणि उरलेल्यांनी एकमेकांचे डबे उघडले. आठवड्यानं बाई स्वतःच म्हणाल्या, "पंडित सर, चुकलं माझं. ते लेख लिहिणाऱ्यांच्या वर्गखोल्या मोठ्या होत्या. आपल्याकडे नाही चालणार." एवढ्या सहज चूक कबूल करणारं माणूस शिक्षण खात्यात मी दुसरं पाहिलेलं नाही. तेव्हापासून त्यांच्यावर चिडणं मला जरा जड जातं.

मग त्यांची नजर गेली आमच्या एकसुरी उत्तरांवर. मराठी शाळेत शिकलेल्याला ही रीत सांगायला नको. मास्तरनं म्हणायचं, "झाडाला पाणी कुठून मिळतं? मु..." आणि सगळ्या वर्गानं ओरडायचं, "मुळांतूऽऽन!" मीही असाच शिकलो आणि असंच शिकवत आलो. बाईंनी मात्र माझ्या तिसरीच्या मुलांना एकेक करून जिन्यात नेलं आणि वाचायला लावलं. निम्म्या मुलांना वाचताच येत नव्हतं. वर्गात तीच मुलं अख्खा धडा धडाधड म्हणत. शेजारच्याचा आवाज पकडायचा आणि सूर लावायचा, एवढंच त्यांना येत होतं. यात सगळ्यांत पुढे होती चंचल. आवाज सर्वांत मोठा आणि अक्षरओळख जेमतेम.

"प्रश्न विचारा आणि गप्प बसा," बाई म्हणाल्या. "एकालाच विचारा. त्याला विचार करायला वेळ द्या. आपण शिक्षक क्षणभरसुद्धा थांबत नाही, हे कितीतरी जणांनी वर्गात बसून पाहिलंय. थांबलं की मुलं जास्त बोलतात."

मला गप्प बसायला सांगणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. तरी बसलो. वर्ग शांत झाला आणि तिथेच घोटाळा झाला.

शाळेसमोर हातभर रुंदीची गल्ली आहे. पलीकडच्या खोल्यांतून खानदेशातून आलेली कुटुंबं राहतात. पुरुष पांडेसऱ्याच्या कापड मिलमध्ये जातात आणि बायका ओट्यावर बसून साड्यांवर खडे चिकटवतात. आमच्या खिडक्यांतून येणारा मुलांचा गजर ऐकत त्यांचं काम चालतं. गजर आहे म्हणजे शिकवणं चालू आहे. गजर थांबला म्हणजे मास्तर झोपला. चौथ्याच दिवशी ओटा उठून शाळेत आला. पुढे होत्या उषाबाई, चंचलची आई.

"शाळा बंद पडनी का?" त्यांनी दारातूनच विचारलं. "सर शिकाडतस का झोपतस? मन्ही चंचल सगळासथून जोरमा म्हनस. आते तिना आवाजच येस नही. असंच चालनं तर तिले हिंदी शाळामा टाकी देसू!"

मुख्याध्यापक रामदास सर घाबरले. एक पोर गेलं की मागोमाग दहा जातात आणि वर्ग बंद पडतो, हे त्यांनी दुसऱ्या शाळेत पाहिलेलं. त्यांनी बाईंना सरळ सांगितलं, की पालकांची समजूत घाला, नाहीतर सोमवारपासून पहिल्यासारखं.

बाई मला म्हणाल्या, "पहिल्यासारखं झालं काय किंवा हिंदी शाळा झाली काय, चंचल पुन्हा गर्दीत लपेल. मग तिला वाचायला कोण शिकवणार?" त्यांचा चेहरा उतरला होता. मला वाईट वाटलं. आईला खरं सांगावं तर ती तुटेल आणि न सांगावं तर पोर जाईल.

शेवटी बाईंनी आयांनाच वर्गात बोलावलं. सगळ्या जणी मागच्या भिंतीला टेकून बसल्या. धडा बदकाचा होता. बाईंनी चंचलला विचारलं, "बदक तळ्यावर का गेलं?" आणि थांबल्या.

चंचल गप्प. वर्ग गप्प. मी ओठ दाबून धरले. पण मागच्या भिंतीला कुठलं राहवतंय! "पिलू हरवलं म्हणूऽऽन!" सगळ्या आया एका सुरात ओरडल्या. पोरं खिदळली. ओट्यावर बसून बसून त्या बायकांना अख्खं पुस्तक पाठ झालं होतं. बाईसुद्धा खळखळून हसल्या.

उषाबाईंना मात्र लेकीच्या गप्प बसण्याचा राग आला. तरातरा पुढे येऊन त्यांनी चंचलचं पुस्तक उघडलं आणि पानावर बोट ठेवलं. "हाई देख, आठे लिखेल शे. वाच!"

चंचलनं आईच्या बोटाशेजारी आपलं बोट ठेवलं आणि खणखणीत आवाजात सुरू केलं, "एक होतं बदक. त्याचं पिलू हरवलं..." बोट ओळीवरून सरकत होतं, जीभ कुठे अडखळत नव्हती. उषाबाईंनी मान ताठ करून बाईंकडे पाहिलं.

शेजारचा पोरगा पुस्तकात डोकावला. "सर, ये तो बसवाला पान है!"

खरंच, पानावर लाल बसचं चित्र होतं. बदक कुठेच नव्हतं.

उषाबाईंनी पानाकडे पाहिलं, मग लेकीकडे. चंचलचं बोट अजून तिथंच होतं. बाईंना तेव्हा सगळं संशोधन सांगता आलं असतं, पण त्या जमिनीवर चंचलशेजारी बसल्या, बस्स.

"म्हंजे," उषाबाई हळू आवाजात म्हणाल्या, "हाई बी मन्हासारखीच?"

इतकी वर्षं मास्तरकी केली, पण एवढा जड प्रश्न मला कुणी विचारला नव्हता.

"आज आहे," बाई म्हणाल्या. "राहणार नाही. पण तिला वेळ द्यावा लागेल, उषाबाई. आणि तोवर आपल्या सगळ्यांना गप्प बसावं लागेल."

"मंग आते काय करानं?"

बाईंनी चित्राखालच्या पहिल्या शब्दावर बोट ठेवलं. चंचलनं आईकडे पाहिलं. आईनं पदर तोंडात कोंबला होता. बराच वेळ गेला. "ब," चंचल म्हणाली. पुन्हा थांबली. "स." मग आपणच चकित होऊन म्हणाली, "बस!"

उषाबाई लेकीच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या. हिंदी शाळेचं नाव पुन्हा निघालं नाही.

माझी खोड मात्र एका दिवसात जाते थोडीच. सोमवारी सवयीनं मी म्हणून गेलो, "बदक तळ्यावर का गेलं? पि..." वर्ग तोंड उघडणार तेवढ्यात गल्लीपलीकडून उषाबाईंचा आवाज आला, "ओ सर! एकेकले इचारा!"

मी निमूटपणे चंचलला उभं केलं आणि बसच्या पानावरची एक ओळ वाचायला सांगितली. समोरच्या ओट्यावर हात थांबले. तिनं त्या ओळीला जेवढा वेळ घेतला, तेवढ्यात मी अख्खा धडा उरकला असता. पण त्या बायकांपैकी एकीनंही मध्ये तोंड उघडलं नाही.