गाडीला ‘बाय’ म्हणणारा

सौदी अरेबियातल्या यान्बूच्या गॅरेजमधला हा रत्नागिरीचा मेकॅनिक गाडीच्या मालकाशी बोलत नाही, गाडीशी बोलतो. नोकऱ्या स्थानिकांना देण्याच्या सौदीकरणात गॅरेजचं काउंटर सौदी माणसाकडे गेलं, पण गाडीखालचा शेवटचा शब्द अजून याचाच.

शुक्रवारच्या सुट्टीत समुद्रावर जायचं म्हणून मी हौसेनं गाडीमागे ट्रेलर जोडायचा दोन खाचांचा हिच-अडॅप्टर लावला आणि गाडी त्याला दाखवायला नेली. खालच्या खाचेत बोटीचा ट्रेलर, वरच्या खाचेत चार सायकली. त्यानं वाकून पाहिलं.

“खाचा दोन झाल्या म्हणून ताकद वाढत नाय, बाय. कमीच होते,” असं गाडीला सांगून त्यानं दोन सायकली काढून ठेवल्या. माझी मुलं हिरमुसली.

शुक्रवारी आम्ही समुद्रावर पोचलो, तर त्या दोन सायकली आपल्या पिकअपमध्ये घालून हा आधीच हजर. आमच्याकडे न बघता त्यानं गाडीला विचारलं, “दमलीस काय गो?”

“नाही दमले,” गाडीच्या वतीनं माझी बायको म्हणाली.