ओटीचा नारळ

ती मावळातल्या टाकवे बुद्रुकची, हे तिनंच विमानतळावरच्या रांगेत सगळ्यांना सांगितलं होतं. दिल्लीतल्या गरोदर लेकीची ओटी भरायला मावशी निघाली होती आणि तपासणीत पिशवीतला शेंडीचा नारळ अडकला. नारळ विमानात चालत नाही, एवढंही माहीत नसावं!

पोलीसबाई म्हणाल्या, “टोपलीत टाका.”

“ओटीचा नारळ कचऱ्यात? एवढं मोठं इमान, आन् नारळाला भेतंय व्हय?”

“गावठी!” मी तिला ऐकू जाईल असं पुटपुटलो.

तिनं नारळ पोलीसबाईंच्या ओंजळीत ठेवला, हात जोडले आणि सावकाश माझ्या पिशवीकडे पाहिलं.

“लोनावळ्याची चिक्की! म्हंजी सायेब, तुमीबी आमच्या मावळातलंच की!”

सगळी रांग हसली.

तेव्हापासून मी दिल्लीला काजूकतली नेतो.