पर्समधला बल्ब

ऋता आणि सोहम, तुम्ही तिकडे बसून हा ग्रुप वाचता असं तुमच्या आईने सांगितलं, म्हणून इथेच लिहिते. आधी एक स्पष्ट करते — माझा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता. हायस्कूलमध्ये तीस वर्षं इंग्रजी शिकवलं. कुणी निबंधात हडळ आणली की मी समासात लाल शाईने लिहायची, "पुरावा?" आज तो प्रश्न मलाच आहे.

नव्वदच्या दशकाच्या मधला उन्हाळा. आम्ही मिरजगावला होतो. आमच्या जुन्या पांढऱ्या गाडीची मी वही ठेवली होती. तारीख, तक्रार, कारण, उपाय असे चार रकाने. तुमचे आजोबा तिला गाडीचं प्रगतिपुस्तक म्हणायचे.

तेव्हाची तक्रार होती डॅशबोर्डवरच्या लाल दिव्याची. इंजिनातल्या तेलाचा दाब उतरला की तो लागतो. तो लागला की गाडी जागच्या जागी बंद करायची, हा आजोबांचा नियम. पण दिवा उगाचच लागायला लागला. दर वेळी आजोबा थांबून बॉनेट उघडत... तेल भरपूर!

लक्ष्मण मिस्त्रींनी इंजिनावरच्या स्विचची वायर काढली. म्हणाले, "आता दिवा विझाया पायजे." दिवा तसाच. "म्हंजी स्विच चांगला हाय, बाई. वायरच आत कुठंतरी बॉडीला घासतीय. नगरहून नवी आनतो, सोमवारी बसवतो."

"तोवर हे दर मैलाला थांबणार," मी म्हटलं.

"मंग बल्बच काढतो. न्हाई दिसनार, न्हाई थांबनार!"

मिस्त्रींनी लगेच बल्ब काढला. काढलेला पार्ट मालकाच्या हातात द्यायचा, ही मिस्त्रींची पद्धत. मी तो बल्ब काडेपेटीत घातला, वर 'तेलाचा दिवा' अशी चिठ्ठी डकवली आणि पेटी पर्समध्ये ठेवली. तो गुरुवार होता.

पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून तुमची आई आमच्याकडे आली होती. बाळ पायाळू होतं. कळा सुरू झाल्या की गावात थांबायचं नाही, थेट नगरला यायचं, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. दिवस भरायला अजून तीन आठवडे होते. पण रविवारी सकाळी दहालाच कळा सुरू झाल्या.

आम्ही निघालो. रस्त्याचं काम चालू होतं, सगळीकडे खडी. गाडीच्या पोटाला एक दगड खाडकन लागला. थोडं पुढे गेलो आणि आजोबांनी गाडी कडेला घेतली.

"अहो, थांबलात कशाला?"

"दिवा लागलाय."

"कसा लागेल? बल्ब माझ्या पर्समध्ये आहे!" मी काडेपेटी उघडून दाखवली. बल्ब आत होता. मग वाकून समोर पाहिलं... लाल दिवा स्वच्छ जळत होता.

"आई, तुमचं भांडण नंतर करा," मागून तुमची आई कण्हत म्हणाली. "लागलाय दिवा. मलाही दिसतोय."

आजोबांनी चावी फिरवली, तसा तो विझला. खाली उतरून पाहिलं तर मागे रस्त्यावर तेलाची काळी रेघ. दगडाने इंजिनाखालची तेलाची टाकीच फुटली होती.

आम्ही थांबलो होतो ते दूध संकलन केंद्रासमोर. कॅन भरलेली जीप नगरला निघतच होती. ड्रायव्हरने तुमच्या आईला पुढे बसवलं आणि मला मागे चढवलं; आजोबा गाडीपाशी थांबले. "मावशी, कॅनला धरून बसा. दूध सांडलं तर सांडू द्या, लेकरू तेवढं नगं!" तशा कळांमध्येही तुमची आई हसली.

ऑपरेशन झालं आणि दुपारी ऋता, तू आलीस. पाय पुढे करून येणार होतीस, पण शेवटी डॉक्टरांनी उचलूनच आणलं. दोघी सुखरूप.

नंतर मिस्त्री म्हणाले, "आनखी मैलभर गेला असता तर इंजिन जाम झालं असतं, बाई. अन् तिथनं पुढं काय हाय? निस्ता माळ." त्यांनी डॅशबोर्ड खोलला. बल्बची जागा रिकामीच होती. आजोबांचं म्हणणं, काचेवर ऊन चमकलं असेल. मी विचारलं, "ऊन चावीने विझतं का हो?" यावर ते चहा प्यायला लागले.

मी काडेपेटी पुढे केली. मिस्त्रींनी बल्ब लावून पाहिला. लागला नाही. उजेडात धरला, तर काच आतून काळी पडलेली. "गुरवारी चांगला हुता की!" ते पुन्हा पुन्हा म्हणाले, "माझ्या हातानं काढलाय."

नवी वायर बसली, नवा बल्ब बसला. पुढे गाडीही विकली. जुना बल्ब मात्र त्याच काडेपेटीत माझ्या कपाटात आहे. मला त्याची भीती कधीच वाटली नाही. उलट पुसून ठेवताना बरं वाटतं.

वहीसुद्धा आहे. त्या रविवारच्या ओळीत तक्रार लिहिली आहे : 'बल्ब नसताना दिवा लागला.' उपाय : 'थांबलो.' मधला कारणाचा रकाना कोरा आहे. इतक्या वर्षांत मी दोनदा पेन उघडून बसले... आणि दोन्ही वेळा टोपण लावून ठेवलं.