खोल पेरलं असेल

कृषी पदवी घेऊन मी भिवंडीतच नोकरीला लागले, हे ऐकलं की लोक हसतात. भिवंडीत आता शेती कुठे राहिली? खरंच आहे. कशेळीकडच्या ज्या पत्र्याच्या गोदामात मी बसायचे, तिथं माझ्या लहानपणी भात व्हायचा. जमीन आमचीच होती, घराला लागूनच. वडिलांनी गोदाम बांधून ते एका बियाणं कंपनीला भाड्यानं दिलं होतं. तिथून सोयाबीन आणि मक्याचं बियाणं मराठवाड्यात, विदर्भात जायचं. गोदामाच्या एका कोपऱ्यात काचेची खोली होती. पिशवीवर छापलेल्या नंबरवर शेतकरी फोन करायचे आणि आम्ही त्या खोलीतून पीक सल्ला द्यायचो.

काम मला आवडायचं. मक्याची पानं कुरतडलेली दिसतात म्हटलं की पोंगा, म्हणजे मधल्या कोवळ्या पानांची गुंडाळी, उघडून अळी बघायला सांगायचं. सोयाबीन पिवळं पडलं तर आधी रानात पाणी साचलंय का ते विचारायचं, उगाच औषध मारू द्यायचं नाही. इतक्या लांबून नुसतं बोलून कुणाचं पीक सावरतं, याचं मला अप्रूप वाटायचं.

आमच्या खोलीत एसी होता. काचेपलीकडे बियाणं मात्र मे महिन्याच्या पत्र्याखाली भाजून निघत होतं. सोयाबीनचा दाणा फार नाजूक. साल पातळ, आणि कोंब सालीच्या अगदी लगत. दाणा आपटला तर आतला कोंब दुखावतो, वरून काही कळत नाही. उष्णतेनं तर तो आतल्या आत मरतो. आमच्याकडे पिशव्यांच्या थप्प्या पत्र्याला टेकायच्या आणि ट्रकमधून पिशव्या फेकल्या जायच्या. हमालांना मी दोष देत नाही. "जल्दी खाली करो" यापलीकडे त्यांना कुणी काही सांगितलंच नव्हतं.

त्या मे महिन्यात मी एका फाटक्या पिशवीतले शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून सावलीत ठेवले. आठवड्यानं उघडलं तर निम्मेही उगवले नव्हते. बाकीचे मऊ पडून कुजले होते. ते गोणपाट मी तसंच कंपनीच्या इथल्या साहेबांच्या टेबलावर नेऊन उलगडलं.

साहेब म्हणाले, "मॅडम, लॅबचा रिपोर्ट ओके आहे."

"तो पॅकिंगच्या वेळचा आहे, सर. त्यानंतर माल उन्हाळाभर इथं पडलाय."

"तुमची ड्युटी फोन घ्यायची आहे. माल कधी पाठवायचा ते आम्ही बघतो."

माल गेला. जून संपता संपता तक्रारी सुरू झाल्या, तेव्हा साहेबांनी आम्हाला उत्तर ठरवून दिलं. उगवलं नाही म्हणाले तर विचारायचं, किती खोल पेरलं? ते काहीही सांगोत, आपण म्हणायचं, खोल पेरलं असेल, किंवा ओल कमी पडली असेल. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. ज्या माणसानं डोळ्यांसमोर कुजलेले दाणे पाहिले होते, तोच आता उभी हयात पेरणी करत आलेल्या माणसांना पेरता येत नाही म्हणत होता.

दुसऱ्याच दिवशी लातूरकडच्या एका बाईंचा फोन आला. शेत त्या स्वतः बघायच्या.

"ताई, माजं रान निस्तं उघडं दिसायलंय. दोन बोटं खोल पेरलं, ओल भरपूर हाय. बांधाच्या पलीकडं घरचं बी टाकलंय, ते सरळ वर आलंय. माजं काय चुकलं सांगा."

साहेब माझ्या मागंच उभे होते. त्यांनी ठरलेल्या उत्तराची खूण केली. मी फोनवर म्हणाले, "मावशी, तुमचं काही चुकलेलं नाही. बियाणंच खराब आहे."

त्या म्हणाल्या, "घरात समदे मलाच बोलायलेत."

शिल्लक बियाण्याची उगवण कशी तपासायची, पिशवी आणि पावती जपून ठेवून तालुक्याच्या कृषी अधिकाऱ्याकडे तक्रार कशी करायची, ते मी सगळं सांगितलं. माझा नंबरही दिला. फोन ठेवल्यावर साहेब म्हणाले, "हा कॉल रेकॉर्ड झालाय."

"बरं झालं," मी म्हणाले.

संध्याकाळपर्यंत माझी नोकरी गेली होती.

घरी वडील आधी माझ्यावरच चिडले. "बाय, जागा आपली हाय, माल त्यांचा हाय. आपल्याला काय करायचाय?" मी वाद घातला नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांना गोदामात घेऊन गेले. त्या दिवशी पावसानं उघडीप दिली होती आणि कडक ऊन पडलं होतं. वडील उरलेल्या थप्प्यांमध्ये थोडा वेळ उभे राहिले, टॉवेलनं मान पुसली आणि बाहेर आले. "भाताचा बियाना आसा कुनी ठेवल का?" एवढंच म्हणाले. नव्या कराराच्या वेळी त्यांनी अट घातली, छताखाली उष्णता अडवणारं अस्तर लावा आणि पिशव्यांची थप्पी कमी उंचीची ठेवा. कंपनीनं अट मानली नाही. रस्त्यापलीकडचं दुसरं पत्र्याचं गोदाम घेतलं आणि आमचं रिकामं केलं.

लातूरच्या बाईंनी तक्रार केली होती. तपासणीला माणसं आली, बियाणं सदोष ठरलं आणि कंपनीनं त्यांना नवी पिशवी दिली. त्यांनीच मला फोन करून सांगितलं.

"पिशवी दिली ताई, पर पेरायचे दिस गेले की. म्या तूर टाकली."

"गावातल्या बाकीच्यांना दिली का?"

"त्येंनी तक्रार कुटं केली? त्येंना खोल पेरलं म्हनून सांगितलं, त्येंनी ऐकलं."

'खोल पेरलं असेल' या वाक्याची चीड मला अजून येते. पिशवी बदलून देता येते, हंगाम कसा बदलून देणार? आणि आपलंच चुकलं असं मानून जे गप्प बसले, त्यांना तर पिशवीही मिळाली नाही.

आता मी स्वतंत्रपणे सल्ला देते. त्या बाईंच्या गावातले बरेच जण मलाच फोन करतात. पेरणीआधी उगवण तपासल्याशिवाय मी कुणाला पुढचं काही सांगत नाही. आमचं गोदाम एका फर्निचरवाल्यानं घेतलंय. साहेबांना बढती मिळाली म्हणतात. रस्त्यापलीकडे उन्हाळ्यात ट्रक लागतात, तेव्हा पिशव्या जमिनीवर आपटल्याचा आवाज आमच्या ओट्यापर्यंत ऐकू येतो.